तार, पत्ता, वाट, नाव: लिनक्सवर कमांड लाइनमधून नेटवर्क जोडताना

फोनवरून कमांड सांगायची वेळ आली की खरा कस लागतो. पलीकडचा माणूस पडद्यावर काय दिसतंय ते त्याच्या शब्दांत सांगतो, आपण डोळे मिटून ते चित्र उभं करायचं, आणि मग सुरू होतं: "आय, पी, आता एक स्पेस, मग डॅश..." "डॅश म्हणजे आडवी रेघ ना?" "हो, आडवी. खालची नको, मधली." छोटी ऑफिसं, शाळांच्या लॅब, हिशेबनिसांच्या कचेऱ्या अशा ठिकाणचे लिनक्स सर्व्हर सांभाळण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यातला मोठा हिस्सा असाच फोनवर गेला.

हा लेखही त्याच पद्धतीने लिहिलाय. सगळ्या कमांड देवनागरीत, फोनवर सांगतो तशा दिल्या आहेत. अख्खा इंग्रजी शब्द असेल तिथे तो शब्द, आणि तुटक अक्षरं असतील तिथे एकेक अक्षर. टाइप करताना सगळं इंग्रजी लहान लिपीत टाइप करा, आकडेही इंग्रजीच. अक्षरांच्या मधे स्पेस दाखवली असेल तिथेच द्या, नसेल तिथे देऊ नका. 'सुडो' म्हणजे एस, यू, डी, ओ. मशीनचा मालक म्हणून कमांड चालवायची असेल तर ती आधी लागते, आणि ती पासवर्ड विचारते. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर बहुधा काहीच उमटत नाही. कीबोर्ड बिघडला असं समजून चार वेळा फोन करणारे मी पाहिलेत.

उदाहरणाला घेतलंय एक उबुंटू सर्व्हरचं मशीन. उबुंटू म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. त्याला माउस नाही, खिडक्या नाहीत, काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर. निम्म्याहून जास्त भाग कुठल्याही लिनक्सवर तसाच्या तसा चालेल.

आणि हो, 'आयएफकॉन्फिग' ही कमांड इथे येणार नाही. ती १९८३ च्या बीएसडी युनिक्सपासूनची, भली म्हातारी आहे. जुने धडे अजून तिच्यावरच चालतात, पण नव्या उबुंटूत ती आपोआप येत नाही. ती टाकून घ्यायची खटपट करू नका. तिची सगळी कामं आता 'आयपी' ही एकच कमांड करते.

आधी नुसतं बघा

नेटवर्क चालत नाही म्हटलं की नवखा माणूस लगेच काहीतरी बदलायला लागतो. हात आवरा. पहिली कमांड नुसती बघायची आहे, ती काही बिघडवत नाही, तिला सुडोही लागत नाही:

आयपी -ब्रीफ अ‍ॅड्रेस

उत्तर साधारण असं येईल:

एलओ   अननोन   १२७.०.०.१/८
ईएनपी३एस०   अप   १९२.१६८.१.३७/२४
डब्ल्यूएलपी२एस०   डाउन

प्रत्येक ओळ म्हणजे एक इंटरफेस, मशीनला बाहेरच्या जगाशी बोलायचं एक दार. 'एलओ' म्हणजे लूपबॅक. मशीन स्वतःशीच बोलतं ते या दारातून. त्याच्यापुढे 'अननोन' दिसतं आणि लोक घाबरतात. घाबरू नका, त्याचं तसंच असतं. 'ईएन'ने सुरू होणारं नाव म्हणजे तारेचं इथरनेट, 'डब्ल्यूएल'ने सुरू होणारं म्हणजे वाय-फाय.

पुढची अक्षरं बडबड वाटतात, पण त्यांना अर्थ आहे. 'पी३एस०' म्हणजे नेटवर्क कार्ड पीसीआयच्या (मदरबोर्डला कार्डं जोडायच्या व्यवस्थेच्या) ३ क्रमांकाच्या बसवर, ० क्रमांकाच्या खोबणीत आहे. मदरबोर्डवरच बसवलेलं असेल तर 'ईएनओ१' असं काहीतरी दिसेल. पूर्वी सरळ 'ईटीएच०', 'ईटीएच१' असायचं. सुटसुटीत होतं, पण मशीन बंद करून चालू केलं की कधी ० चं १ व्हायचं आणि १ चं ०, कारण जे कार्ड आधी जागं होईल त्याला आधीचा नंबर. दोन कार्डांच्या मशीनवर याने काय गोंधळ व्हायचा ते भोगलेल्यालाच माहीत. २०१३ पासून कार्डाच्या जागेवरून नाव द्यायची पद्धत आली आणि तो ताप गेला. तुमच्याकडे माझ्यापेक्षा वेगळंच नाव दिसणार, ते कागदावर टिपून ठेवा. पुढे जिथे जिथे मी ईएनपी३एस० म्हणेन तिथे तुम्ही तुमचं नाव घालायचं.

आता क्रम सांगतो: तार, पत्ता, वाट, नाव. नेटवर्कची कुठलीही तक्रार या चारांपैकी एका पायरीवर अडकलेली असते, आणि खालची पायरी पक्की असल्याशिवाय वरची तपासण्यात अर्थ नसतो. तार निघालेली असताना डीएनएस (नावावरून पत्ता शोधायची सोय) बदलत बसलेली हुशार माणसं मी पाहिलीत. त्यातला एक मी होतो.

तार

आयपी लिंक शो ईएनपी३एस०

उत्तरात सुरुवातीला टोकदार कंसात मोठ्या लिपीत काही शब्द येतात. त्यात 'अप' आणि 'लोअर_अप' हे दोन्ही असतील तर तार ठीक. 'अप' म्हणजे तुम्ही इंटरफेस चालू ठेवलाय. 'लोअर_अप' म्हणजे तारेच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी जिवंत आहे. दोन वेगळ्या गोष्टी आहेत: खोलीतलं बटण चालू असणं आणि खांबावरून वीज येणं.

'अप' नसेलच तर इंटरफेस बंद आहे, तो चालू करा:

सुडो आयपी लिंक सेट ईएनपी३एस० अप

'अप' आहे पण सोबत 'नो-कॅरियर' दिसतंय, तर कमांड बाजूला ठेवा आणि उठा. मशीनच्या मागे जा. तार जिथे खुपसतात त्या भोकाशी बहुधा दोन बारके दिवे असतात. दोन्ही विझलेले असतील तर तार सैल आहे, तुटली आहे, किंवा दुसऱ्या टोकाचा स्विच, म्हणजे सगळ्या मशीनच्या तारा जिथे येतात तो डबा, बंद आहे. जोडणीच्या प्लगवरचा प्लास्टिकचा चाप तुटला की तार दिसायला बसलेली दिसते आणि टेबलाला धक्का लागला की सुटते. झाडूवाल्या मावशींना उगाच बोल लागतो. तार बाहेर काढून परत बसवताना 'टक' असा आवाज यायला हवा. आवाज आला नाही तर चाप गेलाय.

दिवे लागलेत, नेट चालतंय, पण फायली रांगत येतात, असंही होतं. तेव्हा:

सुडो ईटीएचटूल ईएनपी३एस०

यात 'टूल' हा अख्खा शब्द आणि आधी ई, टी, एच. कमांड सापडली नाही तर त्याच नावाचं पॅकेज टाकून घ्या. उत्तरात 'स्पीड' शोधा. कार्ड आणि स्विच दोन्ही गिगाबिटचे, म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिटचे असताना तिथे १००० ऐवजी १०० दिसलं, तर माझा पहिला संशय तारेवर. नेटवर्कच्या तारेत आठ बारक्या तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० च्या वेगाला दोनच जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार प्लगमध्ये नीट दाबली गेली नसेल, की दोन्ही टोकं आपसांत ठरवून १०० वर येतात आणि कुणाला काही सांगत नाहीत. अशी तार महिनोन्‌महिने चालते, आणि शिव्या खातो सर्व्हर.

पत्ता

इथे जरा थांबून समजून घ्या, कारण पुढच्या निम्म्या चुका इथल्या असतात.

१९२.१६८.१.३७/२४ याकडे गल्ली आणि घर असं बघा. /२४ सांगतं की पहिले तीन आकडे गल्लीचं नाव आहेत आणि शेवटचा आकडा घराचा नंबर. गल्लीत ० ते २५५ असे २५६ नंबर होतात. त्यातला ० हा गल्लीचाच, २५५ हा सगळ्या गल्लीला एकदम हाक मारायचा. उरले २५४, ते मशीनना द्यायचे. एकाच गल्लीतली मशीनं एकमेकांशी थेट बोलतात. दुसऱ्या गल्लीत जायचं तर नाक्यावरून, म्हणजे गेटवेवरून. छोट्या ऑफिसात हा नाका म्हणजे तुमचा राउटर, आणि त्याचा पत्ता बहुतेक वेळा गल्लीतला १ नंबर.

१९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी आहेत. तसेच १० ने सुरू होणारे, आणि १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे. १९९४ मध्ये हे तीन पट्टे घरगुती आणि ऑफिसच्या वापरासाठी राखून ठेवले गेले. म्हणून तुमच्या घरी आणि माझ्या घरी दोन्हीकडे १९२.१६८.१.१ असू शकतो, भांडण होत नाही.

साध्या मशीनला पत्ता राउटर आपणहून देतो, त्या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. घरच्या लॅपटॉपला तेच बरं. पण सर्व्हर, प्रिंटर, हजेरीचं यंत्र यांचे पत्ते रोज बदलून चालत नाहीत. त्यांना पक्का पत्ता द्यावा लागतो.

कुठला द्यायचा? राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी कुठपासून कुठपर्यंत वाटतो ते लिहिलेलं असतं. समजा १०० ते २०० वाटतो, तर त्याच्या बाहेरचा घ्या, म्हणजे ५०. आता तो आधीच कुणी बळकावलाय का ते पिंगने, म्हणजे हाक मारून, बघा:

पिंग -सी ३ १९२.१६८.१.५०

उत्तर आलं तर तिथे कुणीतरी राहतंय, दुसरा नंबर शोधा. उत्तर नाही आलं म्हणजे घर रिकामं, असं मात्र धरू नका. काही यंत्रं पिंगला तोंडच उघडत नाहीत. लगेच पाठोपाठ हे विचारा:

आयपी नेबर शो १९२.१६८.१.५०

'नेबर' म्हणजे शेजारी. इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग ब्रिटिश चालेल, अमेरिकनही चालेल. उत्तरात दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या, मधे दोन टिंबं, असा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) दिसला तर तिथे यंत्र आहे. पिंगला गप्प बसलं तरी 'हे घर कुणाचं' या हाकेला ते 'माझं' म्हणालंय. 'फेल्ड' किंवा 'इनकम्प्लीट' आलं तर घर रिकामं, किंवा यंत्र आत्ता बंद आहे. शेवटची शक्यता विसरू नका. एका ठिकाणी मी सर्व्हरला दिलेला पत्ता आणि तिथल्या प्रिंटरचा पत्ता एकच निघाला. प्रिंटर त्या संध्याकाळी बंद होता. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रिंटर चालू झाला आणि ऑफिसातल्या निम्म्या मशीनना सर्व्हर दिसेनासा झाला. दुपारी कुणीतरी प्रिंटर बंद केला की सर्व्हर परत हजर. दोन दिवस आम्ही सर्व्हरची रॅम बदलत होतो.

पत्ता ठरला. तुम्ही मशीनच्या समोर बसला असाल तरच पुढचं करा. दुरून करायचं असेल तर आधी खालचा 'दुरून' हा भाग वाचा. जुना पत्ता काढायचा, नवा लावायचा:

सुडो आयपी अ‍ॅड्रेस डिलीट १९२.१६८.१.३७/२४ डीईव्ही ईएनपी३एस०
सुडो आयपी अ‍ॅड्रेस अ‍ॅड १९२.१६८.१.५०/२४ डीईव्ही ईएनपी३एस०

क्रम हाच ठेवा. एका इंटरफेसवर एकाच गल्लीचे दोन पत्ते बसू शकतात, पण दुसरा पत्ता पहिल्याच्या आश्रयाला असतो. काही मशीनवर पहिला काढला की त्याच्या मागोमाग दुसराही जातो, आणि आपण म्हणतो, 'आत्ता तर लावला होता!'

/२४ विसरू नका. विसरलात तर कमांड तक्रार करत नाही. ती गुपचूप /३२ धरते, म्हणजे गल्लीत एकच घर, तुमचं. शेजारी नाही, नाका नाही. मग पुढच्या पायरीला गेटवे लावायला गेलात की 'नेक्स्टहॉप हॅज इनव्हॅलिड गेटवे' अशी चूक येते आणि माणूस गेटवेचा आकडा दहादा तपासत बसतो. चूक मागच्या ओळीत असते. ही चूक पडद्यावर दिसली की पहिल्यांदा आयपी -ब्रीफ अ‍ॅड्रेस चालवून शेवटी /३२ आहे का ते बघा.

लावून झाल्यावर नाक्याला हाक मारा:

पिंग -सी ३ १९२.१६८.१.१

उत्तर आलं म्हणजे तार आणि पत्ता दोन्ही पक्के.

वाट

आयपी रूट

'रूट' म्हणजे आर, ओ, यू, टी, ई. मालक-वापरकर्त्याचा रूट वेगळा, त्याचं स्पेलिंग आर, ओ, ओ, टी. फोनवर या दोन रूटनी माझं डोकं अनेकदा खाल्लंय.

उत्तरात 'डिफॉल्ट व्हाया' ने सुरू होणारी ओळ हवी. ती सांगते की गल्लीबाहेरचं जे काही असेल ते या नाक्यावरून न्यायचं. जुना पत्ता काढलात तेव्हा त्याच्या आधाराने उभी असलेली वाटही बहुधा गेली असेल. नवी लावा:

सुडो आयपी रूट अ‍ॅड डिफॉल्ट व्हाया १९२.१६८.१.१

'फाइल एक्झिस्ट्स' असं उत्तर आलं तर फायलीशी त्याचा काही संबंध नाही. तशीच वाट आधीपासून आहे, एवढाच अर्थ. 'अ‍ॅड'च्या जागी 'रिप्लेस' घाला. दोन डिफॉल्ट वाटा एकाच वेळी दिसत असतील, समजा एक तारेची आणि एक वाय-फायची, तर शेवटी 'मेट्रिक' म्हणून आकडा असतो तो बघा. ज्याचा आकडा कमी, ती वाट आधी. आकडाच नसेल तर ते शून्य, म्हणजे सगळ्यांच्या आधी.

मशीन खरोखर कुठल्या वाटेने जाणार हे त्यालाच विचारता येतं:

आयपी रूट गेट ८.८.८.८

कुठल्या नाक्यावरून, कुठल्या इंटरफेसमधून, स्वतःचा कुठला पत्ता सांगून, हे सगळं एका ओळीत येतं. ही कमांड फार थोड्या लोकांना माहीत असते. ८.८.८.८ हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर, पाठ करायला सोपा म्हणून जगभर लोक त्यालाच पिंग करतात. तुम्हीही करा. उत्तर आलं की तुम्ही बाहेर पोचलात.

उत्तर नाही आलं तर काय म्हणून नाही आलं ते वाचा, कारण प्रत्येक वाक्य वेगळ्या पायरीकडे बोट दाखवतं. 'नेटवर्क इज अनरीचेबल' म्हणजे मशीनला वाटच माहीत नाही, डिफॉल्ट रूट बघा. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आणि आधी तुमचाच पत्ता, म्हणजे वाट माहीत आहे पण नाक्यावर कुणी ओ देत नाही. गेटवेचा आकडा किंवा तार बघा. काहीच न बोलता शंभर टक्के नुकसान दाखवलं, तर निरोप गेला पण परत आला नाही. बहुतेक वेळा भानगड राउटरच्या पलीकडे असते, किंवा मधलं एखादं फायरवॉल (नेटवर्कवरची ये-जा तपासणारा पहारेकरी) पिंग अडवतंय.

नाव

आकड्याला पिंग जातं पण उबुंटू.कॉमला जात नाही, 'टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन' येतं. म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा माणूस भेटत नाहीये. डीएनएस.

जुन्या सवयीची मंडळी इथे ईटीसी या फोल्डरातली रिझॉल्व्ह.कॉन्फ ही फाइल उघडून त्यात सर्व्हरचा पत्ता लिहितात. या नावातल्या 'रिझॉल्व्ह'च्या शेवटी ई नाही, व्ही वरच संपतं. आणि पुढच्या कमांडमध्ये मात्र ई आहे. असं का, हे विचारू नका. उबुंटूत ती फाइल उघडलीत तर आत १२७.०.०.५३ दिसेल, आणि वर लिहिलेलं असेल की हात लावू नका. मशीनमध्येच बसलेला एक मध्यस्थ सगळे प्रश्न घेतो आणि पुढे पाठवतो, तो त्याचा पत्ता. फाइल हाताने बदललीत तर तो ती परत स्वतःसारखी करून ठेवतो. त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोला:

रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस
सुडो रिझॉल्व्हसीटीएल डीएनएस ईएनपी३एस० १९२.१६८.१.१
रिझॉल्व्हसीटीएल क्वेरी उबुंटू.कॉम

पहिलीने सध्या कुणाला विचारतोय ते कळतं, दुसरीने नवा सांगता येतो, तिसरीने पडताळता येतं.

कायमचं करताना

आत्तापर्यंत केलेलं सगळं मशीन बंद केलं की पुसलं जातं. नवख्यांना हा दोष वाटतो. मला तो या कमांडचा सगळ्यात मोठा गुण वाटतो, कारण काहीही बिघडवलंत तरी बंद-चालू केलं की पूर्वपदावर. शिवाय डीएचसीपी मधेच जुना पत्ता परत आणून बसवू शकतो, म्हणून हातचं काम हातचंच समजा. आधी हाताने लावून बघायचं, चाललं की मगच फायलीत लिहायचं.

उबुंटूत २०१७ च्या १७.१० आवृत्तीपासून हे काम नेटप्लॅन करतं. ईटीसी मधल्या नेटप्लॅन या फोल्डरात .वायएएमएल ने संपणारी फाइल असते:

एलएस /ईटीसी/नेटप्लॅन

जी आहे तीच उघडा, शेजारी दुसरी बनवू नका. दोन फायली असल्या तर नेटप्लॅन दोन्ही वाचून एकत्र करतं आणि जुनं डीएचसीपी तसंच राहून जातं. आधी तिची एक प्रत घरच्या फोल्डरात काढून ठेवा. फाइलच्या माथ्यावर क्लाउड-इनिटचा (मशीन चालू होताना सेटिंग लिहिणाऱ्या प्रोग्रामचा) इशारा असेल तर तो वाचा. ती फाइल पुन्हा लिहिली जाऊ नये म्हणून काय करायचं ते तिथेच दिलेलं असतं. मग सुडो लावून नॅनोने (फाइल लिहायच्या साध्या प्रोग्रामने) उघडून आतला मजकूर असा करा:

नेटवर्क:
  व्हर्जन: २
  इथरनेट्स:
    ईएनपी३एस०:
      डीएचसीपी४: फॉल्स
      अ‍ॅड्रेसेस:
        - १९२.१६८.१.५०/२४
      रूट्स:
        - टू: डिफॉल्ट
          व्हाया: १९२.१६८.१.१
      नेमसर्व्हर्स:
        अ‍ॅड्रेसेस:
          - १९२.१६८.१.१
          - ८.८.८.८

या फायलीत रिकाम्या जागेलाही अर्थ असतो. कोण कोणाच्या पोटात आहे हे डावीकडच्या स्पेसवरून ठरतं. टॅबचं बटण दाबायचं नाही, प्रत्येक पायरीला दोन स्पेस मोजून द्यायच्या. दोन टिंबांनंतर मजकूर असेल तर एक स्पेस, आडव्या रेघेनंतर एक स्पेस. जुन्या धड्यांत 'गेटवे४' अशी ओळ सापडेल. ती आता कालबाह्य झाली आहे, वर दिलीय तशी रूट्सची पद्धत वापरा. फायलीच्या परवानग्या फार मोकळ्या आहेत अशी तक्रार आली तर सुडो लावून त्या फायलीवर सीएचमॉड ६०० करा, म्हणजे ती फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल.

आता लावायची. 'नेटप्लॅन अप्लाय' आहे, पण मी ती कधीच आधी वापरत नाही. ही वापरतो:

सुडो नेटप्लॅन ट्राय

ही बदल लावते आणि १२० सेकंद थांबते. तेवढ्यात तुम्ही एंटर दाबलात तर बदल कायम. नाही दाबलात, म्हणजे तुमचं कनेक्शनच तुटलं म्हणून दाबता आलं नाही, तर ती आपणहून जुनं परत आणते.

डेस्कटॉप उबुंटू, फेडोरा, रेड हॅट यांच्यावर कारभार नेटवर्कमॅनेजरकडे असतो. तिथे 'एनएमसीएलआय कनेक्शन शो' ने जोडणीचं नाव बघा आणि मग:

सुडो एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय "जोडणीचं नाव" आयपीव्ही४.मेथड मॅन्युअल आयपीव्ही४.अ‍ॅड्रेसेस १९२.१६८.१.५०/२४ आयपीव्ही४.गेटवे १९२.१६८.१.१ आयपीव्ही४.डीएनएस १९२.१६८.१.१
सुडो एनएमसीएलआय कनेक्शन अप "जोडणीचं नाव"

पहिली कमांड सगळी एकाच ओळीत. नावात स्पेस असते, म्हणून अवतरणचिन्हं सोडू नका. वाय-फाय जोडायचं तर 'एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट' आणि मग 'कनेक्ट'. कशाकडे कारभार आहे हे न बघता दोन्हीकडे लिहून ठेवू नका. दोन कारभारी एका इंटरफेसवर बसले की कुणाचं ऐकायचं ते मशीनलाही कळत नाही.

दुरून

मी ठाण्यात, घरी. मशीन जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला एका ऑफिसात. रात्रीचे साडेअकरा. इंटरफेस एकदा बंद करून चालू करावा असं वाटलं, म्हणून एसएसएचमधून (दुरून मशीनमध्ये शिरून कमांड द्यायची सोय) टाइप केलं: आयपी लिंक सेट ईएनपी३एस० डाउन. एंटर. आणि मग पुढची 'अप' ची कमांड टाइप करायला गेलो. कर्सर हलेना. ज्या फांदीवर बसलो होतो तीच तोडली होती.

ऑफिसच्या रखवालदारांचा नंबर होता. "काका, आतल्या खोलीत सर्व्हर आहे, त्याचं बटण दाबायचंय." "साहेब, कुठला डबा? इथे तीन डबे आहेत." "काळा." "तिन्ही काळे आहेत." मग मी त्यांना प्रत्येक डब्याच्या मागे वाकायला लावलं. ज्याच्या तारेचा दिवा विझलेला तो आपला. त्यांनी बटण एकदा दाबलं, पंखा थांबेपर्यंत थांबले, परत दाबलं. तीन मिनिटांत मशीन जागेवर आलं, कारण केलेला उद्योग फायलीत लिहिलेला नव्हता.

त्या रात्रीनंतर दुरून नेटवर्कला हात लावायच्या आधी मी हे टाइप करतो:

सुडो शटडाउन -आर +५

म्हणजे पाच मिनिटांनी मशीन आपोआप बंद होऊन चालू होईल. मग हाताने बदल करायचा. सगळं नीट झालं आणि अजून आत असाल, तर लगेच रद्द करा:

सुडो शटडाउन -सी

बाहेर फेकले गेलात तर चहा करायला जा. पाच-सात मिनिटांत मशीन जुन्या पत्त्यावर परत भेटेल. हे फक्त हातच्या बदलांना लागू आहे. फाइल बदलली असेल तर चालू झाल्यावरही तीच चूक परत येईल, तिथे नेटप्लॅन ट्राय. आणि दिवसा, लोक कामं करत असताना ही युक्ती वापरायची तर आधी त्यांना फोन करून सांगा.

पत्ता बदलताना एसएसएच तुटणारच, कारण तुम्ही जुन्या पत्त्याशी बोलत होता. म्हणून जुना काढायची, नवा लावायची आणि वाटेची अशा तिन्ही कमांड मधे '&&' घालून एकाच ओळीत द्या, नाहीतर पहिलीनंतर पुढची टाइपच करता येणार नाही. घाबरू नका, दुसरी खिडकी उघडून नव्या पत्त्याने आत या आणि मग शटडाउन रद्द करा. रद्द करायला विसरू नका. मी विसरलोय.

सगळं झाल्यावर एकदा मुद्दाम मशीन बंद-चालू करून बघा, आणि ते तुमच्या सोयीच्या वेळी करा. चालू झालं की आयपी -ब्रीफ अ‍ॅड्रेस, आयपी रूट, नावाला पिंग. तिन्ही बरोबर आले तर एक पांढरी चिकटपट्टी घ्या, तिच्यावर मशीनचं नाव, इंटरफेस, पत्ता आणि गेटवे जाड पेनाने लिहा आणि डब्याच्या पुढच्या बाजूला लावा. त्या ऑफिसातल्या तिन्ही काळ्या डब्यांवर आता अशा पट्ट्या आहेत. काकांनी स्वतःच्या अक्षरात बटणाशी एक बाणही काढून ठेवलाय.